मोनॅस्कस बुरशीचा लाल रंग : माझा फ्लास्क केशरीवरच का अडकलाय?

तांबडमाती :
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. शिक्षण मायक्रोबायॉलॉजीचं, आणि सध्या डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, बुरशी आंबवून लाल रंग काढायचा आणि त्यात लोकरीचं सूत रंगवायचं. कल्चर कलेक्शनमधून मोनॅस्कस पर्प्युरियसचा स्लँट (नळीत तिरक्या थरावर वाढवलेली बुरशी) मागवला, प्लेटवर फार सुंदर वाढला, आधी कापसासारखा पांढरा आणि मग मधून केशरी होत होत कडेपर्यंत. तिथून लिक्विडमध्ये घेतला. २५० मिलीचे फ्लास्क, प्रत्येकात ५० मिली माध्यम, त्यात ग्लुकोज, अमोनियम सल्फेट आणि थोडे क्षार, सुरुवातीचा पीएच ५.५, शेकरवर ३० अंशाला ठेवलेत. आज आठवा दिवस. बुरशीचे मण्यांसारखे गोळे झालेत, गोळ्यांचा रंग मस्त केशरी, पण लाल काही होत नाहीये आणि वरचं पाणी नुसतंच पिवळट. सगळीकडे वाचते तर ही बुरशी लाल रंगासाठीच प्रसिद्ध आहे. स्ट्रेनच (बुरशीचा वाण) चुकीचा आला की माझं काही चुकतंय?

बीजाणू :
आत्ताचा पीएच किती आहे? सुरुवातीचा नको, आत्ताचा सांगा.

तांबडमाती :
हे बघितलंच नव्हतं हो. आत्ता मीटर लावला, २.८!

बीजाणू :
मग सापडलं. स्ट्रेनला दोष देऊ नका, तो बरोबर आहे. अमोनियम सल्फेटमधलं अमोनियम बुरशी आत घेते आणि त्या बदल्यात बाहेर आम्ल साठत जातं, बफर (पीएच स्थिर धरणारं द्रव्य) नसेल तर पीएच बघता बघता तीनच्या खाली येतो. एवढ्या आम्लात मोनॅस्कस वाढते, रंगही करते, पण तो केशरी-पिवळ्यावरच थांबतो आणि पेशीच्या आत अडकून बसतो, म्हणून तुमचं पाणी पिवळट आणि गोळे केशरी. लालसाठी पीएच साधारण ५.५ ते ७ च्या मध्ये टिकायला हवा. टिकायला हवा म्हणतोय, नुसता पहिल्या दिवशी असून उपयोग नाही.

काचनळी :
बीजाणू यांना +१, पण मला यातलं रसायन सांगायचंय कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. आपण म्हणतो की मोनॅस्कस लाल रंग बनवते, पण खरं बघायला गेलं तर ती केशरी बनवते. ॲसिटेटचे छोटे तुकडे एकापुढे एक जोडत पॉलिकेटाइडची साखळी होते, तिला वळसे पडून ॲझाफिलोन नावाचा सांगाडा तयार होतो आणि त्यातून मुख्य सहा रंग निघतात. मोनॅसिन आणि अँकाफ्लेविन हे पिवळे, रुब्रोपंक्टॅटिन आणि मोनॅस्कोरुब्रिन हे केशरी, रुब्रोपंक्टॅमिन आणि मोनॅस्कोरुब्रॅमिन हे लाल. आता गंमत बघ, केशरीच्या एका कड्यात ऑक्सिजनचा अणू असतो, तो जाऊन तिथे नायट्रोजन बसला की तोच रेणू लाल होतो! हा नायट्रोजन कुठूनही येऊ शकतो, अमोनियातून येईल, एखाद्या अमिनो ॲसिडमधून येईल, प्रोटीनच्या मोकळ्या अमिनो टोकावरूनसुद्धा येईल. पण आम्लात त्या टोकांवर प्रोटॉन चढून बसलेला असतो, ती रिकामी नसतात, मग अदलाबदल होतच नाही आणि केशरी बिचारा केशरीच राहतो.

खात्री करायची असेल तर तुझे केशरी गोळे फेकू नकोस. थोडे गाळून घे, ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजव, केशरी अर्क उतरेल. तो दोन परीक्षानळ्यांत घे, एकीत नुसता पीएच ७ चा फॉस्फेट बफर आणि दुसरीत त्याच बफरमध्ये विरघळवलेलं मोनोसोडियम ग्लुटामेट (ग्लुटामिक या अमिनो ॲसिडचं मीठ), आणि थोडा वेळ ठेवून दे. काय झालं ते इथे येऊन सांग.

तांबडमाती :
काचनळी!! आत्ता नळ्या हातात धरून एका हाताने टाइप करतेय. ग्लुटामेटवाली नळी लाल झाली, गुलाबी वगैरे नाही हो, चक्क लाल, आणि दुसरी आहे तशीच केशरी. इतके दिवस मला वाटत होतं की बुरशी काहीतरी कमी करतेय, तिने तर तिचं काम केव्हाच करून ठेवलं होतं.

काचनळी :
किती बरं वाटलं वाचून! आता हेच फ्लास्कमध्ये घडवून आण. अमोनियम सल्फेट काढून टाक आणि ग्लुटामेट हाच नायट्रोजनचा स्रोत ठेव. लिटरला ग्लुकोज २० ग्रॅम, ग्लुटामेट ५ ग्रॅम, पोटॅशियमचे दोन्ही फॉस्फेट ५-५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट अर्धा ग्रॅम, आणि लोह, जस्त, मँगनीज अगदी किंचित. फॉस्फेट भरपूर असल्यामुळे पीएच पटकन ढासळत नाही. दुसरा फायदा असा की ग्लुटामेट जोडलेला लाल रेणू पाण्यात विरघळतो, त्यामुळे रंग पेशीतून बाहेर येतो आणि सगळा फ्लास्कच लाल दिसायला लागतो.

बीजाणू :
यात भर. लवकर वाढावं म्हणून साखर वाढवायचा मोह होईल, तो आवरा. ग्लुकोज लिटरला ५० ग्रॅमच्या घरात गेलं की भरपूर हवा देऊनसुद्धा ही बुरशी साखरेचं अल्कोहोल करायला लागते आणि रंग मागे पडतो. आणि शेकर खिडकीपाशी असेल तर फ्लास्कला फॉइल गुंडाळा, अंधारात रंग जास्त चढतो.

रंग मोजताना एक सवय लावून घ्या, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) फक्त ५०० नॅनोमीटरचं रीडिंग घेऊन थांबू नका. पिवळा साधारण ४०० च्या आसपास, केशरी ४७० ला आणि लाल ५०० ते ५१० ला प्रकाश शोषतो, पण तिन्हींच्या टेकड्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, म्हणजे केशरी खूप झाला तरी ५०० चा आकडा फुगतो. म्हणून तिन्ही ठिकाणी रीडिंग घ्या आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण बघा, आणि रीडिंग एकच्या वर गेलं की सँपल पातळ करून परत घ्या.

जुनीपानं :
धागा फार आवडला. तुम्ही सगळे फ्लास्कमध्ये रमलाय म्हणून मी जरा तांदळाकडे वळवतो, कारण ही बुरशी मुळात तिथली. चीनमध्ये शेकडो वर्षं तांदळावर ही वाढवून लाल तांदूळ करतात, दारूसाठी, मांसमासे रंगवायला आणि औषध म्हणून. पाश्चात्त्य शास्त्रात मोनॅस्कस हे नाव व्हॅन टीगेमने १८८४ मध्ये दिलं आणि वेंट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये जावामधल्या लाल तांदळावरून ही पर्प्युरियस जात नोंदवली, पण कारागिरांना ती त्याच्या कितीतरी आधीपासून हाताळता येत होती. १६३७ साली सोंग यिंगशिंगने कारागिरीवरचा जो ग्रंथ छापला त्यात याची सगळी कृती आहे, तांदूळ भिजवायचा, वाफवायचा, जुन्या लाल दारूच्या चोथ्याचं विरजण लावायचं, आणि त्यात तुरटीचं पाणी! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुरटी कशाला हे कळेना, मग लक्षात आलं की तुरटीने पाणी आंबट होतं, आंबट पाण्यात बाकीचे जिवाणू मागे हटतात आणि मोनॅस्कसला मात्र ते चालतं. बीजाणू वर म्हणाले ना की एवढ्या आम्लातही ती वाढते, त्याच गुणाचा उपयोग त्यांनी जंतू म्हणजे काय हे माहीत नसताना करून घेतला होता. तांदळाचा रंग कसा बदलत जातो तेही लिहिलंय, पांढऱ्याचा काळपट, मग तपकिरी, मग गेरूसारखा, मग लाल, आणि लाली पुरी भरली की परत किंचित पिवळसर. कोणीतरी त्या ढिगाशेजारी दिवसरात्र बसून बघितल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

तांदळावर करणार असाल तर दाणा मोकळा राहिला पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. चिकट जातीचा तांदूळ घेतला किंवा पाणी जास्त झालं की गिचका होतो, आत हवा जात नाही आणि मधला भाग पांढराच राहतो. कमी पाण्यात वाफवायचा, विरजण चोळायचं, ३० अंशाला ठेवायचा आणि कोरडा वाटला की थोडं थोडं पाणी शिंपडायचं. रोज हलवायचा, कारण बुरशी वाढताना उष्णता सोडते, ढीग मधून तापतो आणि तापला की बुरशी स्वतःच्याच उष्णतेने मरगळते. रंग तंतूंपुरता न राहता दाण्यात मुरतो, त्यामुळे तांदळात जेवढा रंग साठतो तेवढा पातळ माध्यमात सहज मिळत नाही.

हौशी_रंगारी :
वा, म्हणजे शेकडो वर्षं लोक खातायत तर हा खाण्याचा रंग म्हणून अगदी बिनधास्त वापरता येईल. किडे चिरडून केलेल्या कार्माइनपेक्षा आणि पेट्रोलियमपासूनच्या रंगांपेक्षा हे कधीही चांगलं. घरी तांदळावर करून खाण्यात घालायला काय हरकत आहे?

सावधचित्त :
हरकत आहे, आणि ती नीट सांगतो, कारण मी अन्नतपासणीच्या लॅबमध्ये काम करतो आणि हेच तपासतो.

मोनॅस्कस रंगाबरोबर बऱ्याचदा सिट्रिनिनही बनवते. सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला इजा करणारं विष आहे, १९३१ मध्ये ते पेनिसिलियम सिट्रिनमपासून वेगळं केलं आणि पुढे जिवाणू मारतं म्हणून औषध होईल अशी आशा होती, पण विषारीपणामुळे सोडून द्यावं लागलं. मोनॅस्कसमधल्या मोनॅसिडिन ए नावाच्या जंतुनाशक पदार्थाचं तर कौतुक होत होतं, आणि १९९५ मध्ये कळलं की मोनॅसिडिन ए म्हणजेच सिट्रिनिन. जी गोष्ट मांस टिकवते म्हणून आवडत होती त्यातलीच ही एक निघाली. युरोपात लाल तांदळाच्या पूरक गोळ्यांसाठी सिट्रिनिनची मर्यादा आधी किलोला २००० मायक्रोग्रॅम होती, ती २०२० पासून १०० वर आणली. अन्नरंग म्हणून मोनॅस्कस चीन आणि जपानमध्ये चालतो, युरोपीय संघात आणि अमेरिकेत त्याला परवानगी नाही.

दुसरं म्हणजे काही स्ट्रेन मोनॅकोलिन के बनवतात. १९७९ मध्ये अकिरा एंडो यांनी ते मोनॅस्कस रुबरमधून काढलं, आणि ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन, कोलेस्टेरॉलवरचं औषध. म्हणजे रंग समजून माणूस नकळत औषधाचा डोस घेत असेल. आणि शेकडो वर्षं खातायत हा पुरावा नाही हो, मूत्रपिंड हळूहळू झिजतं तेव्हा त्याचा दोष जेवणातल्या रंगावर कोण टाकणार?

हौशी_रंगारी :
हे खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग चांगलं उकळलं तर सिट्रिनिन नष्ट होत नाही का?

सावधचित्त :
नाही. कोरडं असताना ते मोडायला १७५ अंशाच्या वर जावं लागतं, पाणी असेल तर १४० च्या आसपास मोडतं, म्हणजे साध्या उकळण्याने काहीच होत नाही. आणि १४० ला मोडताना जे पदार्थ होतात त्यातला सिट्रिनिन एच१ हा पेशींना मूळ सिट्रिनिनपेक्षाही जास्त घातक असतो. म्हणून उपाय शेवटी नाही, सुरुवातीला करायचा असतो. सिट्रिनिन न बनवणारा स्ट्रेन निवडायचा, आणि तरीही दर बॅच तपासायची. त्याची जनुकं रंगाच्या जनुकांपासून वेगळी आहेत, पीकेएससीटी नावाचं जनुक बंद केलं की रंग येतो आणि सिट्रिनिन थांबतं, हे प्रयोगशाळांनी करून दाखवलंय.

आणि स्ट्रेन चांगला असून भागत नाही, टाकी स्वच्छ लागते. २०२४ मध्ये जपानात लाल तांदळाच्या पूरक गोळ्या खाऊन कितीतरी लोकांची मूत्रपिंडं बिघडली, मृत्यूही झाले. तिथे सिट्रिनिन सापडलं नाही, सापडलं प्युबेरुलिक ॲसिड, आणि ते आलं कुठून तर उत्पादनात घुसलेल्या पेनिसिलियम जातीच्या निळ्या बुरशीकडून. मोनॅस्कस सावकाश वाढते, तांदळावर आठवडेच्या आठवडे ठेवावी लागते, तेवढ्यात दुसरी बुरशी कोपऱ्यात घर करते आणि लाल रंगाखाली ती दिसतही नाही. ज्यांच्याकडे सगळी यंत्रणा आहे त्यांच्याकडे हे झालं, तेव्हा घरच्या डब्यात तांदूळ लाल करून कोणीही खाऊ नये, ही माझी हात जोडून विनंती.

नवखा_२ :
प्रश्न वेगळा आहे. माझ्याकडे एका ओलसर पुठ्ठ्यावर लालभडक बुरशी आलीये, प्लेटवर घेतली तर आगरसुद्धा (बुरशी वाढवायची जेली) लाल झालं. ही पण मोनॅस्कस असेल का? वाढवून रंग काढू का?

बीजाणू :
प्लेट उघडू नका, टेपने बंद करा आणि ओळख पटेपर्यंत वास वगैरे अजिबात घेऊ नका. लाल रंग आगरात सोडणाऱ्या बुरशा पुष्कळ आहेत. फ्युजेरियमच्या काही जाती बायकाव्हेरिन नावाचा लाल रंग करतात आणि त्याच फ्युजेरियम धान्यात विषं सोडतात. टॅलारोमायसिस मार्नेफी तर आगर सुंदर वाइनसारखं लाल करते, आणि ती रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला जीवघेणा संसर्ग करते. नुसत्या रंगावरून काहीच ठरत नाही. डीएनएवरून जात ओळखणाऱ्या लॅबकडे द्या, किंवा सरळ ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत मारून) टाकून द्या.

नवखा_२ :
टेप लावली. लॅबलाच देतो.

काचनळी :
मोनॅस्कसशिवाय कोण कोण आहे हेही सांगते, म्हणजे सिट्रिनिनचं ऐकून कोणी हिरमुसणार नाही. बीजाणू यांनी वर सांगितलेल्या टॅलारोमायसिस या वंशातच काही गुणी जातीही आहेत. डेन्मार्कच्या संशोधकांना टॅलारोमायसिस ॲट्रोरोझियसमध्ये ॲट्रोरोसिन नावाचे लाल रंग मिळाले, सांगाडा तोच ॲझाफिलोन, अमिनो ॲसिड जोडून लाल होण्याची तऱ्हाही तीच, आणि सिट्रिनिन नाही. रंग पाण्यात विरघळतो आणि बाहेर माध्यमात सुटतो म्हणून काढायलाही सोपा. चेक प्रजासत्ताकात पेनिसिलियम ऑक्झालिकमच्या एका प्रकारापासून अँथ्राक्विनोन जातीचा लाल रंग काढला गेला.

कॅरोटिनॉइडचा, म्हणजे गाजर-टोमॅटोतल्या रंगांच्या गटाचा, रस्ता वेगळाच. ब्लेकस्लिया ट्रायस्पोरा या बुरशीचे प्लस आणि मायनस असे दोन वाण एकत्र वाढवले की ते ट्रायस्पोरिक ॲसिड बनवतात आणि त्याने बीटा कॅरोटीनचं उत्पादन खूप वाढतं, आणि साखळीतली वळण देणारी पायरी रोखली की लाल लायकोपीनवर थांबता येतं. हे दोन्ही युरोपात मंजूर आहेत. झँथोफायलोमायसिस नावाच्या यीस्टपासून ॲस्टाझँथिन मिळतं, सामन माशाच्या खाद्यात घालतात ते. पण हे तेलात विरघळणारे रंग, तुझ्या लोकरीच्या कामाचे नाहीत.

लोकरवाली :
लोकरीचं मी सांगते, पंधरा वर्षं वनस्पतींचे रंग करतेय आणि बुरशीचेही थोडे केलेत. काचनळी म्हणाल्या ना की प्रोटीनच्या अमिनो टोकावरही नायट्रोजन मिळतो, लोकर आणि रेशीम म्हणजे प्रोटीनच. त्यामुळे लाल झालेला रंग घालण्यापेक्षा केशरी अर्कातच लोकर घालून बघा, पीएच सातच्या जवळ ठेवून हळूहळू गरम करा, रंग धाग्यावर लाल होतो आणि तिथेच धरून बसतो. सुती धाग्याला असं काही टोक नसतं, तिथे रंग नुसता वरवर राहतो आणि धुण्यात उतरतो.

एक वाईट बातमीही सांगते, उन्हात हा रंग विटतो. उष्णता तो बिटाच्या लाल रंगापेक्षा बरी सोसतो पण प्रकाश सोसत नाही. माझा एक गुंडा खिडकीत राहिला होता, बाहेरची बाजू फिकट सामनी झाली आणि आतली तशीच लाल. तेव्हा सूत अंधारात ठेवा आणि ज्यांना द्याल त्यांना हे आधी सांगा. रंग पक्का आहे असं सांगून कच्चा रंग विकणाऱ्यांमुळे नैसर्गिक रंगावरचा लोकांचा विश्वास उडतो, मला त्याचं फार वाईट वाटतं.

तांबडमाती :
मंडळी, चार आठवड्यांनी परत आलेय. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. ग्लुटामेट, फॉस्फेट, फॉइल. तिसऱ्या दिवशी पाण्यात गुलाबी झाक दिसली, सहाव्या दिवशी फ्लास्कच्या आरपार काही दिसेना, आणि पीएच सातच्या जरा खाली टिकून होता. पातळ करून रीडिंग घेतलं तर ५०० चा आकडा ४७० पेक्षा वर. मी तो फ्लास्क उजेडात धरून नुसती बघत बसले होते किती वेळ.

आणि मग सावधचित्त यांचं आठवून त्याच फ्लास्कचं सँपल एचपीएलसीला (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारी तपासणी) दिलं. सिट्रिनिन निघालं. थोडंथोडकं नाही, आलेखावर ठसठशीत पीक (उंच टोक).

सावधचित्त :
वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही तपासलंत हेच मोठं आहे. ग्लुटामेटने लाल वाढतो तसं सिट्रिनिनही वाढतं, आणि पीएच वर गेला की त्यालाही ते मानवतं. मोनॅस्कस रुबरवर झालेल्या कामात ग्लुटामेटऐवजी हिस्टिडिन दिल्यावर सिट्रिनिन खूपच खाली आलं होतं, कारण हिस्टिडिन पचवताना बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि त्याने सिट्रिनिन मोडतं. तुमची जात पर्प्युरियस आहे, तेव्हा तसंच होईल असं धरून चालू नका, करून बघा. लॅबला एवढंच विचारा की फ्लुरोसन्स डिटेक्टर लावला होता ना, ३३१ ला उत्तेजन आणि ५०० ला उत्सर्जन, कारण इतर रंगांच्या गर्दीत साध्या यूव्हीवर चुकीचं पीक मोजलं जाऊ शकतं.

तांबडमाती :
फ्लुरोसन्सच होता, विचारून घेतलं. आता दुसरा रस्ता डोक्यात आलाय. तो पहिला आम्लातला केशरी फ्लास्क आठवतोय ना, पीएच २.८ वाला, त्याचे गोळे मी फ्रीजरमध्ये ठेवले होते. त्यांचा अर्क काल तपासायला दिला आणि आज रिपोर्ट आला, पीक आहे पण लाल फ्लास्कच्या मानाने अगदी बुटकं. म्हणजे बुरशीला आम्लातच वाढू द्यायचं, केशरी काढून घ्यायचा आणि लाल व्हायचं काम लोकरीवर सोडायचं, असं करता येईल का?

काचनळी :
अगं हो, येईल! आणि पीएच मुद्दाम कमी ठेवून केशरी साठवायचा आणि मग बाहेर अमिनो ॲसिड जोडून हवा तो लाल घडवायचा, हे काम खरोखर करतात. जोडलेल्या अमिनो ॲसिडप्रमाणे लालची छटा आणि पाण्यातली विद्राव्यता दोन्ही बदलतात. तू ज्याला चूक समजून हा धागा काढलास तीच तुझी पहिली पायरी ठरतेय. फक्त एका फ्लास्कवरून ठरवू नकोस, निदान तीन तीन फ्लास्क एकाच वेळी लाव.

तांबडमाती :
आम्लातले तीन आणि हिस्टिडिनचे तीन, आज दुपारीच लावले. लोकरवाली ताई, केशरी अर्कात छोटी लडी घालून बघितली, अर्ध्या तासात लाल झाली, धुतल्यावर पाणी जवळजवळ स्वच्छ निघालं. अर्धी लडी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवलीय आणि अर्धी मुद्दाम उन्हात टांगलीय, दोन्ही शेजारी ठेवून फोटो टाकते.